चैत्रांगण

चैत्र महिन्यात अंगणात, देवापुढे किंवा तुळशीपाशी काढली जाणारी महाराष्ट्रातील पारंपरिक रांगोळी. चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिची बोळवण होते. हा महिनाभर ती माहेरी आलेली असते अशी समजूत आहे. तेवढे दिवस सडा घालून चैत्रांगण रेखाटतात व त्यावर हळदकुंकू वाहतात. चैत्र-वैशाख हा वसंत ऋतू, त्यामुळे गौरीच्या हळदीकुंकवाचा थाटही ऋतूचाच असतो : कैरी घातलेली वाटली डाळ, पन्हे आणि ओटीत भिजवलेले हरभरे.

रांगोळीचे बहुतेक प्रकार ठिपक्यांच्या जाळ्यावर किंवा वर्तुळावर उभे राहतात. चैत्रांगणाला असा सांगाडा नसतो. ते सुट्या चिन्हांचे बनते. वरच्या बाजूला आंब्याचे तोरण, त्याखाली झोपाळ्यातली गौर एवढे बहुधा ठरलेले. बाकीची मांडणी काढणारीच्या मर्जीवर. शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, ॐ, त्रिशूळ ही देवांची चिन्हे. सूर्य आणि चंद्र. कासव, नाग, हत्ती, मोर. तुळशीवृंदावन, केळ, बेलाचे पान. आणि यांच्याच पंक्तीला फणी, आरसा, करंडा, मंगळसूत्र, विंझणवारा म्हणजे हातपंखा. एकूण चिन्हे कुठे ५१ मानतात, कुठे ६४. प्रत्यक्षात जागा आणि हाताशी असलेला वेळ पाहूनच आकडा ठरतो, आणि घरोघरच्या याद्याही जुळत नाहीत.

चित्र म्हणून चैत्रांगणाची खरी गंमत प्रमाणात आहे. इथे फणी सूर्याएवढी असते आणि हत्ती करंड्याच्या शेजारी निमूट उभा असतो. मागे-पुढे, जवळ-दूर असे काही नाही, पार्श्वभूमीही नाही. प्रत्येक वस्तू कमीत कमी रेषांत बसवलेली : दोन थेंबांसारख्या आकारांचे गोपद्म म्हणजे गाईचे पाऊल, एकावर एक चौकटी रचून वृंदावन, एका वेटोळ्यात शंख. गौरसुद्धा ओळखू येते ती नाकडोळ्यांपेक्षा झोपाळ्यावरून. चातुर्मासात ३३ गोपद्मे काढतात तीही याच दोन थेंबांच्या खुणेची. म्हणजे चिन्ह एकदा हातात बसले की वर्षभर उपयोगी पडते. वसंत दाखवायला फुलांचे ताटवे लागत नाहीत. आंब्याची डहाळी, झोपाळा आणि विंझणवारा एवढ्यांवर उन्हाळ्याची चाहूल पुरी होते.

साधन एकच, पांढरी रांगोळी. ती शिरगोळा या पांढऱ्या दगडाची भुकटी असते. कोकणात भाताची तुसे जाळून केलेली राखही वापरत. शेणाने सारवलेल्या किंवा गेरूने रंगवलेल्या जमिनीवर अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून ती सोडतात. रेघ सारखी येण्यासाठी हात जमिनीपासून फार उंच धरून चालत नाही आणि मधेच थांबले की ढीग पडतो. रंग भरण्याची जुनी पद्धत नाही. हळदीकुंकवाचा पिवळा-तांबडा तेवढाच. अलीकडे सगळी चिन्हे रंगवून टाकतात, पण त्यामुळे रेघेचे तेज कमी होते.

अंगणे गेली तसे चैत्रांगण पाटावर, फरशीवर आणि शेवटी कागदावर आले. तयार छाप व चिकटचित्रेही बाजारात मिळतात. मात्र अनेक जणी, आणि आता काही पुरुषही, काळ्या कागदावर पांढऱ्या पेनाने किंवा गेरूच्या रंगाच्या पाटावर ब्रशने ते छंद म्हणून काढतात. परदेशातल्या सदनिकांत तर हाच मार्ग सोयीचा. शिकणाऱ्याने आधी गोपद्म, स्वस्तिक, शंख अशी चार-पाच चिन्हे घटवावीत, मग तोरणापासून खाली यावे. कागदावर चूक पुसता येत नाही. जमिनीवर फडके फिरवले की झाले. नाहीतरी दुसऱ्या सकाळी सडा पडणारच असतो.