‘गादी सरकली’ या निदानामागचा इतिहास

सोलापुरात कंबर धरली की निदान शेजारीच करून टाकतात: गादी सरकली. यंत्रमागावर पाळी करणारा तेच सांगतो आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाईही तेच. पण ही गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, पलंगावरून घसरावी तशी घसरत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती तंतूंनी पक्की बांधलेली असते. फार तर तिचं कडं फाटतं आणि आतला गर बाहेर येतो.

हे कडं मागवाल्याला चटकन कळेल. तंतूंचे १५ ते २५ थर, एकावर एक. आपल्या चादरीत धागे उभे-आडवे असतात, इथे तिरपे. एका थराचा कल डावीकडे, तर पुढच्याचा उजवीकडे. त्यामुळे पीळ कुठूनही बसला तरी निम्मे थर तो पेलतात. आत पाणी धरून ठेवणारा गर असतो. दिवसभराच्या भाराने त्यातलं थोडं पाणी बाहेर जातं, रात्री परत येतं. सकाळी आपण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो ते यामुळेच.

शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसने १५४३च्या ग्रंथात मणके रेखाटले, त्यात या चकत्याही होत्या. १८५८मध्ये जर्मनीच्या लुश्का यांनी त्यांची बारकाईने तपासणी केली. ड्रेस्डेनचे श्मोर्ल यांनी हजारो पाठीचे कणे चिरून पाहिले. १९३२मध्ये त्यांना मरण आलं तेही शवविच्छेदनात बोटाला झालेल्या जखमेच्या संसर्गाने. एवढं होऊनही पायात कळ आणणारी कण्यातली गाठ म्हणजे कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक ऊतीचा, ट्यूमर, असंच बरेच शल्यविशारद धरून चालले होते. १९३४मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी दाखवलं की तो गादीचाच बाहेर आलेला भाग असतो. मग उलट टोक गाठलं गेलं. पाठ दुखली की दोष गादीचा!

पेशींकडे लक्ष गेलं ते बऱ्याच उशिरा. गादीत पेशी आकारमानाच्या जेमतेम १ टक्का, आणि मोठ्या माणसाच्या गादीत आतपर्यंत रक्तवाहिनी नाही. मणक्याच्या हाडातून, मधल्या कूर्चेतून झिरपेल तेवढ्यावरच त्यांचं पोट. लहानपणी त्या कूर्चेत रक्तवाहिन्या असतात, पण वयाच्या पहिल्या दशकातच त्या मिटतात. गर्भातून आलेल्या गराच्या मूळ पेशीही त्याच सुमारास नाहीशा होतात. म्हणजे गादीचं म्हातारपण शाळेच्या दप्तराबरोबरच सुरू होतं. पुढे पाणी धरणारे रेणू तुटत जातात, गर सुकून तंतुमय होतो, कड्याला भेगा पडतात.

मग कामाचा वाटा किती? स्वीडनच्या नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात गादीत सुई घालून दाब मोजला. बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. १९९९च्या जर्मन मोजणीत सैल बसल्यावर तो वाढला नाही, पुढे वाकून बसल्यावर मात्र बराच वाढला. हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणारी बाई बसते ती वाकूनच. दुसरीकडे, फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या १९९५च्या अभ्यासात झिजेचा मोठा वाटा आनुवंशिकतेकडे गेला, ओझ्याकडे थोडाच. मालकाने हा निष्कर्ष हाताशी धरायचं कारण नाही. तो झिजेबद्दल आहे, दुखण्याबद्दल नव्हे.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २०१५च्या एका आढाव्यात पाठ मुळीच न दुखणाऱ्यांच्या कण्याचे एमआरआय आणि सीटी स्कॅन पाहिले गेले: विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या.