गुहेत जायचंय? आधी दुकानामागच्या पेटीतून सरकून बघा

काउंटरवर रोज विचारला जाणारा प्रश्न आधीच निकाली काढतो. "गुहा म्हणजे धाराशिवची लेणी ना? ती आमची बघून झालीत." लेणी माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरलेली. आम्ही नेतो ती गुहा पाण्यानं कोरलेली आहे, आणि तशी गुहा सोलापूरच्या आसपास शोधून सापडायची नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, थिजलेला लाव्हा. तो पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी चुनखडीच लागते.

चुनखडी तुमच्या स्वयंपाकघरात आहे. ओट्यावरचा काळा कडप्पा म्हणजे चुनखडीच. त्याच्यावर लिंबाचा रस सांडून रात्रभर राहिला की सकाळी फिका, खरबरीत डाग दिसतो आणि कितीही घासला तरी जात नाही. जाणार कसा? तिथली दगडाची चकाकीच आंबटानं खाल्लेली असते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन असंच किंचित आंबट होतं, भेगांतून झिरपतं आणि लाखो वर्षं हेच करत बसतं. भेगेची फट होते, फटीची बोळ होते, बोळीचा दिवाणखाना होतो.

कुठे नेतो

पहिली सहल आंध्रातल्या बेलमची. तो मुलूख कडप्प्याच्या खाणींचाच. सोलापूरहून रेल्वेनं वाडी, रायचूर, गुंतकलवरून ताडिपत्रीला उतरायचं, पुढे साधारण तीस किलोमीटर गाडीनं. जाताना शहाबाद लागतं. घरातल्या फरशीचं गाव खिडकीतून बघून घ्या, तीही चुनखडीच.

रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञानं 1884 साली बेलमची नोंद केली. पुढे जवळजवळ शंभर वर्षं तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. 1982 ते 1984 या काळात एका जर्मन तुकडीनं आत उतरून मापं घेतली. एकूण लांबी भरली 3229 मीटर. त्यातला साधारण दीड किलोमीटर लोकांसाठी खुला आहे, दिवे आणि वाट केलेली आहे. वरून बघाल तर सपाट शेतजमीन आणि मधे विहिरीसारखे खड्डे. त्यातल्या एकातून पायऱ्या उतरल्या की गुहा सुरू होते. सगळ्यात खोल जागा पाताळगंगा, तिथे पाण्याची धार जमिनीत गडप होते. एका दालनातले दगडी पडदे बोटाच्या टिचकीनं निरनिराळ्या स्वरांत वाजतात, म्हणून नाव सप्तस्वर. आम्ही ते वाजवू देत नाही. पाठ्यपुस्तकातले लवणस्तंभ म्हणतात ते हेच. बोटभर वाढायला शेकडो वर्षं लागतात, आणि हाताचा तेलकटपणा लागला की वाढ बिघडते.

आत थंडगार असेल ही समजूत घरी ठेवून या. बेलममध्ये दमट उकाडा असतो, घामाच्या धारा लागतात. पातळ सुती कपडे घाला. मेघालयातल्या गुहांत याच्या उलट, कंबरभर गार पाणी आणि चिखल. तिथे सुती कपडा अंगाला चिकटून हुडहुडी भरवतो. मेघालय दुसऱ्या टप्प्यात, तेही फक्त कोरड्या महिन्यांत.

पावसाळ्यात का नाही, असं विचारणाऱ्यांना थायलंडची आठवण करून देतो. 23 जून 2018 ला फुटबॉल खेळणारी बारा पोरं आणि त्यांचा प्रशिक्षक गुहेत शिरले, मागून पाणी भरलं, आणि शेवटचा जण बाहेर आला तो 10 जुलैला. पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसंही होती. वर ऊन असलं तरी दूरवर पडलेला पाऊस गुहेत येऊ शकतो.

पेटी

दुकानामागच्या शेडमध्ये प्लायवूडची एक लांबट पेटी आहे. दोन्ही तोंडं उघडी, वरची फळी बोल्टवर खाली-वर होते. पहिल्या फेरीला दीड फूट उंची ठेवतो, मग एकेक इंच कमी. पोट सुटलेली माणसं अडकतील असं वाटतं ना? पोट दबतं हो, छातीचा पिंजरा दबत नाही. अडकल्यासारखं वाटलं की माणूस घाबरून मोठा श्वास घेतो, छाती फुगते आणि मग खरोखरच अडकतो. श्वास सोडायचा, पायाच्या बोटांनी पुढे रेटायचं, थांबायचं, परत श्वास सोडायचा. बेलमच्या मोठ्या वाटेवर याची गरज पडत नाही, पण बंद जागेत आपलं काय होतं ते घराजवळ कळलेलं बरं. पेटीत घाम फुटला तर पैसे भरू नका. त्यात कमीपणा काही नाही, आमच्या दोघा भावांतला एक अजूनही शेवटचे दोन इंच करत नाही.

सोबत काय

हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट आणि कपाळावरचा दिवा आमच्याकडून. शिवाय प्रत्येकाजवळ आणखी दोन दिवे हवेत, दोन्ही वेगळ्या बॅटरीचे. मोबाइलचा टॉर्च यात धरत नाही. एका सहलीत आमच्याच निष्काळजीपणानं दोन दिव्यांत जुने सेल राहिले होते आणि एकामागोमाग एक विझले. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री सगळे सेल नवे.

पकड असलेले बूट. पाणी भरपूर. प्रवासाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी झकास, पण गुहेत एक कणही सांडायचा नाही, त्यावर बुरशी आणि किडे वाढतात. वटवाघळांवर टॉर्च मारायचा नाही. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाला बुरशीचा आजार होऊ शकतो, म्हणून तशा जागी मास्क. खोलगट जागेत डोकं दुखायला किंवा धाप लागायला लागली तर लाजू नका, लगेच सांगा. जड हवा तळाशी साचते, अशा वेळी सगळा गट मागे वळतो.

दमा, हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून या. गरोदर बायकांनी ही सहल पुढे ढकलावी. घरच्यांपैकी एकाचा नंबर आम्ही लिहून घेतो आणि बाहेर पडायची वेळ त्यांना कळवतो. त्या वेळेपर्यंत आमचा फोन गेला नाही तर काय करायचं, तेही त्यांना कागदावर देतो.

गट बारा जणांचा, त्याहून मोठा नाही. दरपत्रक काउंटरवर मिळेल. पेटी रविवारी सकाळी सात ते नऊ उघडी असते. धुवायला हरकत नसलेले कपडे घाला आणि नाश्ता पेटीनंतर करा.