जॅकवर उभा कॅम्पर का डुलतो?

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात बसणारं छोटं घर. अमेरिका-कॅनडात त्याचा बराच प्रसार आहे. मुक्कामी पोचलं की चार कोपऱ्यांचे जॅक जमिनीला टेकवायचे, घर उचलायचं आणि खालून ट्रक काढून घ्यायचा. मग आत कुणी चालू लागलं की घर डुलतं.

जॅक उभं वजन पेलायला केलेला असतो. आडवा जोर आला की त्याचा पाय वाकतो, आणि हे वाकणं पायाच्या मोकळ्या, म्हणजे बाहेर निघालेल्या, लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. मोकळा पाय १२० सेंमीवरून ६० सेंमीवर आणला, तर तेवढ्याच जोराला तो साधारण आठव्या हिश्शाइतकाच वाकेल. पायाच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या सांध्यांतली ढिलाई उरतेच, तरी पाय आखूड करण्याइतका गुण दुसऱ्या कशानेच येत नाही. म्हणून ट्रक निघाला की कॅम्पर लगेच खाली घ्यावा. प्रत्येक कोपरा एका वेळी तीन-चार सेंमीच उतरवावा, स्पिरिट लेव्हल (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी) बघत. एक जॅक मागे राहिला तर बहुतेक भार तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर जातो आणि सांगाडा पिळवटतो.

पुढे जमीन. १६०० किलोच्या कॅम्परचे प्रत्येक पायावर सरासरी ४०० किलो येतात. १५ सेंमी बाजूच्या चौरस तळव्याखाली दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १.८ किलो दाब पडतो. जाड प्लायवूडचा ३० सेंमीचा चौकोन घातला की तो ०.४५वर येतो. पावसाने भिजलेल्या मातीत हाच फरक पाय रुतू देत नाही.

पुढचा पलंग ट्रकच्या टपावर येणाऱ्या भागात, म्हणजे पुढच्या जॅकच्याही पुढे असतो. तिथे दोघांचे १५० किलो जॅकच्या एक मीटर पुढे आले आणि पुढच्या-मागच्या जॅकमध्ये अडीच मीटर अंतर असलं, तर मागच्या जॅकवरचे ६० किलो कमी होऊन पुढच्यांवर २१० किलो वाढतात. वस्तीला राहायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. सांगाड्याच्या भक्कम भागाखाली लाकडी ठोकळ्यांची आडवी-उभी चळत रचावी, बराचसा भार तिच्यावर उतरवावा, पण जॅक जमिनीला टेकलेलेच ठेवावेत. चळत रचताना अंग कॅम्परखाली घालू नये, ठोकळे बाहेरूनच सरकवावेत.

ट्रक परत आत घेताना बंपर किंवा चाकाची कमान जॅकला अडकणं, हा सगळ्यात मोठा धोका. एक माणूस बाहेर उभा करून दोन्ही बाजूंची फट बघत, इंच-इंच मागे यावं.