पार्श्वभूमी : ‘गैरसमज’ नेमका कोणाचा?

‘गैर’ मूळचा अरबी, मराठीत आला फारसीच्या वाटेने. तिकडे त्याचा अर्थ ‘दुसरा’, ‘परका’ किंवा नुसता नकार. ‘गैरहजर’मध्ये तो नकार शाबूत आहे. पण ‘हे वागणं गैर आहे’ असं मराठी माणूस म्हणतो तेव्हा गैर म्हणजे अनुचित. म्हणूनच गैरवापर म्हणजे वापर न करणं नव्हे, भलता वापर. गैरसमजाचंही तसंच. समज आहे, पण भलता. समजच नसेल त्याला नासमज म्हणायचं.

‘अपसमज’ हाही एक पर्याय आहे. तो छापील मजकुरात अधूनमधून दिसतो, तोंडी मात्र कुणाच्या बसला नाही.

नागपुरात गैरसमजाला शेजारी आहे, गलतफहमी. १८६१ ते १९५६ हे शहर हिंदी-मराठी प्रांताची राजधानी होतं, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. त्यामुळे ‘तुमची गलतफहमी होऊन राह्यली भाऊ’ हे वाक्य इथे कुणालाच परकं वाटत नाही. अर्जात, नोटिशीत आणि बातमीत मात्र तोच माणूस गैरसमज लिहितो.

खरी गंमत क्रियापदात आहे. ‘गैरसमज झाला’ म्हटलं की दोष कुणाचाच नाही. ‘त्यांनी गैरसमज करून घेतला’ म्हटलं की ऐकणारा अडकला, ‘करून दिला’ म्हटलं की सांगणारा आणि ‘पसरवला’ म्हटलं की हेतूच आला. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत ही क्रियापदं नीट ऐकावीत. बोलून अंगाशी आलं की आधी ‘विपर्यास केला’, तेही चालेना तर ‘गैरसमज झाला असेल तर दिलगीर आहे’. त्या ‘असेल तर’मध्ये दिलगिरी जवळपास संपते. गुन्हे बातम्यांतलं ‘गैरसमजातून मारहाण’ हेही तसंच. मारणाऱ्याने काय समजून मारलं, ते बातमीत क्वचितच असतं.

कायद्याला इतकं ढिलं राहून चालत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ९० सांगत होतं की वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे. अट एकच, समोरच्याला तो गैरसमज माहीत असावा किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण असावं. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ मध्ये आहे. वाद पेटतो लग्नाच्या वचनावर शरीरसंबंधाला दिलेल्या संमतीवरून. वचन मनापासून दिलं आणि पुढे परिस्थितीमुळे मोडलं, तर न्यायालयं त्याला गैरसमज मानत नाहीत. पाळायचंच नव्हतं आणि त्या वचनावरच संमती मिळवली, तर मानतात. मनात त्या दिवशी काय होतं हे वर्षांनंतर ठरवायचं, म्हणजे बहुतेक भार परिस्थितीजन्य पुराव्यावर. नव्या संहितेत अशा खोट्या वचनासाठी कलम ६९ वेगळं आहे, कमाल शिक्षा १० वर्षं. त्यामुळे तक्रार आता कोणत्या कलमात बसवायची, यावरच युक्तिवाद सुरू होतो.