जनुक-अभिव्यक्तीवरून बृहदांत्र कर्करोगाचे भाकीत

मोठ्या आतड्यातून शस्त्रक्रियेने काढलेल्या कर्करोगाच्या गाठीत ठरावीक जनुके किती जोमाने काम करत होती हे मोजून, पुढे आजार उलटण्याची शक्यता किती याचा अंदाज बांधण्याची पद्धत. येथे जनुकात बिघाड आहे की नाही हे पाहिले जात नाही. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो, पण कोणते जनुक चालू, कोणते बंद आणि चालू असलेले किती चालू, हे पेशीगणिक बदलते. चालू जनुकापासून संदेशवाहक आरएनए तयार होतो. त्या आरएनएचे प्रमाण म्हणजेच जनुकाची सक्रियता किंवा अभिव्यक्ती.

या चाचण्यांची गरज प्रामुख्याने दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांमुळे निर्माण झाली. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली का, यावरून आजाराचे टप्पे पाडले. आजची टीएनएम पद्धत (गाठ, लसिकाग्रंथी आणि इतर अवयवांतील प्रसार यांवरून टप्पे पाडणारी) त्याच विचाराची पुढची पायरी आहे. पहिल्या टप्प्यात शस्त्रक्रिया पुरते. तिसऱ्यात लसिकाग्रंथी बाधित असतात आणि केमोथेरपी दिली जाते. दुसऱ्या टप्प्यात गाठ भिंतीच्या स्नायूथरापलीकडे गेलेली असते, ग्रंथी मात्र स्वच्छ असतात, आणि पेच इथेच पडतो. यातील बहुसंख्य रुग्ण केवळ शस्त्रक्रियेनेच बरे होतात. ब्रिटनमधील क्वेसार या उपचार-चाचणीत ३,२३९ रुग्ण होते, त्यांपैकी बहुतेक दुसऱ्या टप्प्यातले. २००७ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा केमोमुळे जीव वाचण्याचे प्रमाण सुमारे ३.६ टक्क्यांनीच वाढते असा हिशेब निघाला. म्हणजे शंभर जणांना औषध दिले तर तीन-चार जणांचा फायदा, बाकीच्यांच्या वाट्याला नुसतीच मळमळ, जुलाब आणि रक्तपेशी घटणे. ते तीन-चार जण आधीच ओळखता आले तर?

डॉक्टरांकडे काही खुणा पूर्वीपासून होत्या: गाठ आतड्याच्या बाहेरच्या आवरणातून आरपार गेलेली असणे, आतडे फुटलेले किंवा तुंबलेले असणे, बारापेक्षा कमी लसिकाग्रंथी तपासल्या गेलेल्या असणे. यातली शेवटची खूण गाठीबद्दल काही सांगत नाही. ती शस्त्रक्रिया आणि तपासणी किती काटेकोर झाली ते सांगते. चार-पाचच ग्रंथी पाहून ‘स्वच्छ’ म्हटले, तर रुग्ण खरे तर तिसऱ्या टप्प्यातला असण्याची शंका राहतेच.

एकाच वेळी हजारो जनुकांची सक्रियता मोजणाऱ्या मायक्रोॲरे चिपा हाताशी आल्यावर संशोधकांनी या प्रश्नाला हात घातला. २००४ मध्ये ड्यूक्स ‘बी’ गटातील, म्हणजे आजच्या दुसऱ्या टप्प्यातील, ७४ रुग्णांच्या गाठींवरून २३ जनुकांची एक यादी मांडली गेली. त्यानंतर अशा याद्यांचे पीकच आले. मात्र दोन गटांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर सामाईक जनुके जेमतेम सापडत. कारण साधे आहे. मोजायची जनुके हजारोंनी आणि रुग्ण काही डझन, अशी स्थिती असली की निव्वळ योगायोगानेही काही जनुके ‘दोषी’ ठरतात. ज्या रुग्णांवरून यादी तयार झाली त्यांच्यावरच ती तपासली तर ती उत्तमच चालणार. खरी परीक्षा पूर्णपणे वेगळ्या रुग्णांवर होते आणि बऱ्याच याद्या तिथे गळाल्या.

त्या परीक्षेला नीट सामोरी गेलेली चाचणी म्हणजे अमेरिकेतील जीनोमिक हेल्थ कंपनीची ऑन्कोटाइप डीएक्स कोलन. ती २०१० मध्ये उपलब्ध झाली. तिच्यासाठी जुन्या उपचार-चाचण्यांमधील १,८५१ रुग्णांच्या जतन केलेल्या ऊतींमध्ये ७६१ जनुके तपासली गेली आणि अखेरीस बाराच ठेवली गेली. त्यांतील सात कर्करोगाशी संबंधित आणि पाच केवळ तुलनेसाठी. चाचणीसाठी ताजा नमुना लागत नाही, ही तिची मोठी सोय. शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजी विभागात गाठीचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये मुरवून पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवलेले असतात. पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर कर्करोगाचा भाग आखतो आणि त्या भागातील पातळ कापांमधून आरएनए काढला जातो. फॉर्मॅलिनमुळे या आरएनएचे बारीक तुकडे झालेले असतात, म्हणून मोजणी छोट्या तुकड्यांवर आरटी-पीसीआरने करतात. कोविडच्या काळात घराघरांत पोहोचलेले तंत्र ते हेच, फक्त इथे विषाणूऐवजी स्वतःच्या जनुकांचा आरएनए मोजायचा. एखाद्या ठोकळ्यात आरएनए मुळातच कमी टिकलेला असू शकतो. त्यामुळे सात जनुकांचे आकडे पाच स्थिर जनुकांच्या तुलनेत वाचतात आणि शेवटी ० ते १०० असा एक गुणांक देतात. ३० पेक्षा कमी म्हणजे कमी धोका, ४१ आणि त्यावर जास्त.

त्या सात जनुकांत एक उलटा भाग आहे. की-६७, सी-मिक आणि एमवायबीएल२ ही तीन जनुके पेशीविभाजनाशी निगडित आहेत. ती जोरात चालू असतील तर गुणांक वाढेल अशी कोणाचीही अपेक्षा असेल, आणि स्तनाच्या कर्करोगात तसे होतेही. मोठ्या आतड्यात मात्र ती जास्त सक्रिय असतील तर धोका कमी होतो. धोका वाढवणारी जनुके आहेत एफएपी, बायग्लायकॅन आणि इन्हिबिन-बीटा-ए. यांचा संबंध कर्करोगपेशींपेक्षा त्यांच्याभोवतीच्या संयोजी ऊतीशी, म्हणजे स्ट्रोमाशी आहे. सातवे जनुक जीएडीडी४५बी, तेही धोक्याच्या बाजूचे.

स्ट्रोमाचे महत्त्व २०१५ मध्ये ठळकपणे पुढे आले. इटलीतील एका गटाने माणसाच्या गाठी उंदरांत वाढवल्या. अशा गाठीत कर्करोगपेशी माणसाच्या राहतात, पण भोवतीचा आधार उंदराच्या पेशी पुरवतात. त्यामुळे कोणता आरएनए कोणाचा हे प्रजातीवरून सरळ वेगळे करता आले. वाईट भवितव्याशी जोडलेल्या आरएनएचा मोठा हिस्सा उंदराचा निघाला. म्हणजे ज्या खुणा कर्करोगपेशींच्या आक्रमकतेच्या मानल्या जात, त्या बऱ्याच अंशी शेजारच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊती तयार करणाऱ्या, पेशींच्या होत्या. बार्सिलोनातील गटाचे काम त्याच वर्षी त्याच दिशेने गेले. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत मोलाची शिकवण हीच. गुणांकांची शर्यत त्यापुढे दुय्यम.

त्याच वर्षी सहा संशोधकगटांनी आपापल्या वर्गीकरणांचा मेळ घालून ४,१५१ रुग्णांच्या माहितीवरून सीएमएस नावाचे चार सर्वसंमत उपप्रकार ठरवले. सीएमएस-१ मध्ये प्रतिकारपेशींची गर्दी असते. सीएमएस-२ हा नेहमीचा आणि सर्वाधिक आढळणारा, सुमारे ३७ टक्के. सीएमएस-३ मध्ये चयापचयाची जनुके बदललेली असतात. सीएमएस-४ मध्ये स्ट्रोमा भरपूर असतो आणि आजार उलटण्याचे प्रमाण सर्वांत जास्त. सुमारे १३ टक्के गाठी कुठल्याच कप्प्यात नीट बसल्या नाहीत. संशोधनात हे वर्गीकरण रुळले. बाह्यरुग्ण विभागात मात्र ते क्वचितच वापरले जाते.

आता भाकिताच्या ताकदीबद्दल. क्वेसारच्या १,४३६ रुग्णांच्या नमुन्यांवर बारा जनुकांची चाचणी तपासली, तेव्हा केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये तीन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी, मध्यम आणि जास्त धोक्याच्या गटांत अनुक्रमे १२, १८ आणि २२ टक्के निघाले. फरक खरा आहे, पण बेताचा. ‘जास्त धोका’ असा शिक्का बसलेल्यांपैकीही तीन-चतुर्थांशाहून अधिक जण तीन वर्षे ठणठणीत राहिले. त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. केमोचा फायदा कोणाला होईल हे सांगण्यासाठी वेगळ्या जनुकांचा एक स्वतंत्र उपचार-गुणांकही त्याच अभ्यासात तपासला होता आणि तो नापास झाला. धोका कोणाला, हे कळले, पण औषध कोणाला लागू पडेल, हे कळले नाही. डॉक्टरांना निर्णय घ्यायचा असतो तो दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर. म्हणूनच अमेरिकेतील एनसीसीएन या कर्करोग केंद्रांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी या बहुजनुकीय चाचण्यांच्या आधारे केमो ठरवण्याइतका पुरावा नाही, अशी भूमिका घेतली. अजेंडिया कंपनीची १८ जनुकांची कोलोप्रिंटही याच टीकेतून सुटली नाही.

त्या मानाने साध्या खुणा अधिक कामाच्या ठरल्या. डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या, म्हणजे एमएसआय गाठी दुसऱ्या टप्प्यात सहसा उलटत नाहीत आणि एकट्या ५-फ्लुरोयुरॅसिल या केमो-औषधाचा त्यांना फायदा होत नाही. चार प्रथिनांच्या साध्या रंजनपरीक्षेवर हे कळते. २०१६ मध्ये सीडीएक्स२ या एकाच जनुकाबद्दल माहिती आली. आतड्याच्या पेशीला तिची ओळख देणारे हे जनुक बंद पडलेल्या रुग्णांत आजार जास्त उलटतो, आणि त्यांनाच केमोचा फायदा होत असावा. अशा गाठी थोड्याच, पहिल्या नमुन्यात ४६६ पैकी ३२, आणि फायद्याचा निष्कर्ष जुन्या नोंदींवरून काढलेला, त्यामुळे तो सावधपणेच वाचायला हवा.

भारतात ही बारा जनुकांची चाचणी नित्याच्या तपासणीचा भाग नाही. शिवाय ती ज्या रुग्णांवर बेतली ते प्रामुख्याने पाश्चात्त्य आणि वयस्कर होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रकाशित आढाव्यांत मात्र तरुण रुग्णांचे आणि मुद्रिका-पेशी (सिग्नेट रिंग) प्रकारच्या गाठींचे प्रमाण लक्षणीय आहे.

दुसऱ्या टप्प्यातील केमोच्या निर्णयासाठी आता जनुक-सक्रियतेपेक्षा रक्तातील गाठीच्या डीएनएकडे अधिक लक्ष आहे. ऑस्ट्रेलियातील डायनॅमिक या उपचार-चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, ४५५ रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर रक्तात असा डीएनए उरला आहे का ते पाहून केमो ठरवली, तर ती १५ टक्क्यांनाच द्यावी लागली. नेहमीच्या पद्धतीने ठरवलेल्या गटात ती २८ टक्क्यांना मिळाली. दोन वर्षांनंतर आजार न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे होते, ९३.५ आणि ९२.४ टक्के.