मणक्याचं फ्रॅक्चर: छोटा छेद म्हणजे हाड लवकर जुळतं? नाही हो

"दुर्बिणीने करून घ्या, उगाच पाठ फाडू नका", मणका मोडलेल्या पेशंटच्या घरच्यांना हे सांगणारा कोणीतरी भेटतोच. एक तर त्यात बहुतेक वेळा दुर्बीण नसतेच, सी-आर्म नावाचं एक्स-रे मशीन असतं, त्याच्या स्क्रीनवर बघत बघत पाठीला छोटे छोटे छेद घेऊन मणक्यात स्क्रू बसवतात आणि रॉड आतून सरकवतात. स्नायू हाडापासून सोलावे लागत नाहीत, म्हणून रक्त कमी जातं, सुरुवातीचं दुखणं कमी आणि घरीही लवकर सोडतात. हे फायदे खरेच आहेत.

पण मोठा छेद घेऊन केलेल्या ऑपरेशनसारखेच आत स्क्रू-रॉडच असतात ना! हाड जुळायला महिने लागायचे ते लागतातच, आणि वर्षभराने बघितलं तर दोन्ही प्रकारांत फार फरक उरत नाही. उलट सी-आर्ममुळे रेडिएशन जास्त.

आणि बर्स्ट फ्रॅक्चर असेल, म्हणजे मणका फुटून तुकडा मागे मज्जारज्जूवर दाबतोय, पायातली ताकद गेलीय, लघवीवरचा ताबा सुटलाय, तर तो दाब काढणं महत्त्वाचं, आणि नुसत्या स्क्रूने ते दरवेळी होत नाही, उघडून हाड काढावं लागू शकतं. तिथे टाके किती पडणार यावर कसली घासाघीस करताय?

बाय द वे, फ्रॅक्चर स्टेबल असेल, नसांना धक्का नसेल तर बऱ्याच जणांना ऑपरेशन लागतच नाही. आणि ठिसूळ हाडांच्या म्हाताऱ्या पेशंटना मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरतात त्याच्या दोन ट्रायल २००९ मध्ये आल्या, त्यात खोट्या प्रोसिजरपेक्षा (म्हणजे सिमेंट न भरता नुसतं भरल्याचं भासवण्यापेक्षा) दुखणं काही जास्त कमी झालं नव्हतं. त्यावर डॉक्टरांचंच अजून एकमत नाही.