गुलामगिरीचं अर्थकारण : सुरुवातीच्या पोर्तुगीज सागरी मोहिमा

१५ व्या शतकात पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला सरकत गेली, त्या मोहिमांच्या खर्चाचा बराच भाग माणसं विकून निघाला. आधी शोध लागले आणि मग गुलामांचा व्यापार आला असा क्रम बरेचदा सांगितला जातो, पण तो पटत नाही. १४४१ मध्ये अंताओ गोन्साल्व्हिशने आत्ताच्या पश्चिम सहाराच्या किनाऱ्यावरून माणसं पकडून नेली आणि १४४४ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालच्या लागुश बंदरात २३५ जण उतरवले गेले, त्यांची वाटणी या मोहिमांचा आश्रयदाता असलेल्या पोर्तुगीज राजपुत्र हेन्रीच्या समोर झाली, पाचवा हिस्सा त्याचा. वाटणीत आया आणि मुलं कशी वेगळी झाली हे पोर्तुगीज बखरकार झुराराच्या बखरीत आहे, आणि ती बखर हेन्रीच्या गौरवासाठीच लिहिलेली असल्याने त्याला कमीपणा आणणारा हा भाग विश्वासार्ह मानायला हरकत नाही.

धाडी फार काळ परवडल्या नाहीत कारण किनाऱ्यावरचे लोक लढायला लागले, मग खरेदी सुरू झाली. १४५५ च्या प्रवासात व्हेनिसचा व्यापारी कादामोस्तो सेनेगलच्या बाजूला एका घोड्याला ९ ते १४ माणसं असा भाव सांगतो. १४६९ ला लिस्बनचा व्यापारी फर्नांव गोमिशला गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या व्यापाराचा मक्ता मिळाला, वर्षाला २ लाख रेइश (पोर्तुगीज नाणं) भरायचे आणि शिवाय दरवर्षी १०० लीग (अंतराचं जुनं माप) नवा किनारा शोधून द्यायचा, म्हणजे शोधाचं काम व्यापाराच्या करारातच घातलेलं होतं. १४८२ मध्ये आत्ताच्या घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला सोन्यासाठी बांधला, पण तिथेही बेनिनच्या (आत्ताच्या नायजेरियातलं राज्य) बाजूने आणलेले गुलाम तिथल्या अकान व्यापाऱ्यांना सोन्याच्या बदल्यात विकले जायचे. जंगलपट्ट्यात रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीमुळे ओझ्याची जनावरं टिकत नसत, माल माणसांच्या डोक्यावरूनच आत जायचा, म्हणून या व्यापाऱ्यांना गुलाम हवे असायचे.

अटलांटिकमधला गुलामांच्या श्रमावर चालणारा पहिला ऊसमळा कुठला, यावर अभ्यासकांत वाद आहे. जुनं मत अटलांटिकमधल्या मदेइरा बेटाच्या बाजूचं. साधारण १४२० पासून तिथे वस्ती झाली, शतकाच्या उत्तरार्धात साखर भरभराटीला आली, जिनोआ, फ्लॉरेन्स, फ्लँडर्सचा पैसा आला आणि डोंगरातून पाण्याचे पाट काढायला कॅनरी बेटांवरचे मूळ रहिवासी ग्वांचे आणि आफ्रिकन गुलाम राबले. पण तिथला ऊस मोठ्या प्रमाणात लहान शेतकऱ्यांचा होता, अनेकांकडे मोजकेच गुलाम होते आणि काहींकडे एकही नव्हता, त्यामुळे मोठी जमीन, एकच पीक आणि जवळपास पूर्ण गुलामांचं श्रम असा पुढे ब्राझीलमध्ये दिसणारा साचा मदेइरात फारसा सापडत नाही. तो गिनीच्या आखातातल्या साओ तोमे बेटावर दिसतो आणि हे मत जास्त टिकाऊ वाटतं. हे बेट बहुधा १४७०-७१ च्या सुमारास सापडलं, तेव्हा तिथे वस्ती नव्हती. १४९३ ला कायमची वसाहत झाली आणि मजूर बेनिन, काँगोकडून आणले गेले. १६ व्या शतकाच्या मध्यावर तिथे पाण्यावर चालणारे कितीतरी घाणे होते. काँगोचा राजा पहिला अफोन्सो याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून आपली माणसं, अगदी सरदारांची मुलंसुद्धा, पळवून विकली जातायत अशी तक्रार केली होती. यातल्या माणसांच्या नुकसानीचा हिशोब साखरेच्या भावात कधीच धरला गेला नाही, आणि या विषयावर लिहिताना ते विसरून चालणार नाही.

साओ तोमेच्या दक्षिणेकडच्या अंगोलार लोकांच्या मुळाबद्दल दोन मतं आहेत. गुलामांचं जहाज फुटून वाचलेल्यांचे ते वंशज ही कथा लोकप्रिय आहे, पण मळ्यांतून पळालेल्यांच्या वस्तीतून ते तयार झाले हे जास्त संभवतं. १५९५ मध्ये आमादोर या गुलामाच्या नेतृत्वाखालच्या उठावात अनेक घाणे जाळले गेले. साखर तोवर ब्राझीलकडे सरकतच होती.

गोव्यात मोझांबिककडून गुलाम यायचे, पण ते मुख्यतः घरकामाला आणि पालखी वाहायला होते, मळ्यांसाठी नाही.